टाकीच्या उजव्या हाताला अगस्ती

अगस्तीचा तारा मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिला असेल. थंडीत जेवणं उरकून अंगणात आलं की तो दक्षिणेला असायचाच. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री सव्वानऊ-साडेनऊला तो आमच्याकडून बरोबर दक्षिणेवर येतो, क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. व्याध सोडला तर रात्रीच्या आभाळात त्याच्याइतका तेजस्वी तारा दुसरा नाही. त्यामुळे मला अगस्ती शोधायचाय म्हटलं की ओळखीचे लोक विचारायचे, त्यात शोधायचं काय?

मला तो ऑगस्टमध्ये शोधायचा होता. मेच्या उत्तरार्धात अगस्ती संध्याकाळच्या उजेडात बुडतो. मग जवळजवळ तीन महिने तो दिवसाच्या किंवा पहाट-संध्याकाळच्या उजेडात हरवलेला असतो, आपल्याला दिसत नाही. पुढं श्रावणाच्या आसपास एके पहाटे, उजाडायच्या ऐन आधी, तो दक्षिण-आग्नेयेला काही मिनिटं दिसतो आणि लगेच उजेडात विरून जातो. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी उगवतो, तिसऱ्या दिवशी आणखी चार. हा अगस्त्योदय. मला ती पहिली पहाट हवी होती.

हा ध्यास आजीकडून आला. आजीचं माहेर अकोले, नगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं. तिथं नदीकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे आणि त्या भागात अगस्तीचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेतात. आजी लग्न होऊन सुप्याकडं आली, बारामती तालुक्यातल्या माळावर, पण बोलणं तिकडचंच राहिलं. 'अगस्ती उगवला की पाणी निवळतं' असं ती म्हणायची. पावसाळाभर लालभडक वाहणारी प्रवरा त्या सुमारास गाळ खाली टाकते, तळातले गोटे दिसायला लागतात. पहाटे उठून अगस्तीला पाणी द्यायचं, हादग्याचं फूल असलं तर वाहायचं, एवढाच तिचा विधी. हादग्याला अगस्ता म्हणतात हेही मला तिच्याकडूनच कळलं.

पुढं वाचनात आलं की आजीचं म्हणणं फार जुनं आहे. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गातल्या शरद ऋतूच्या वर्णनात, कुंभयोनीच्या म्हणजे अगस्तीच्या उदयानं पाणी प्रसन्न झालं असं येतं. वराहमिहिरानं तर बृहत्संहितेत अगस्तीवर एक अख्खा अध्याय लिहिलाय. त्यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. अगस्ती कधी दिसेल हे ज्या त्या प्रदेशासाठी वेगळं गणित करून सांगावं, असं तो म्हणतो, आणि उज्जैनपुरतं उत्तरही देतो: सूर्य कन्या राशीत शिरायला सात अंश उरले असताना. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं की उज्जैनचा अगस्त्योदय आणि दक्षिणेकडच्या गावचा अगस्त्योदय एका दिवशी होत नाही. जितकं दक्षिणेला जावं तितका तो लवकर दिसतो आणि जास्त वर चढतो. कन्याकुमारीला तो क्षितिजापासून एकोणतीस अंशांपर्यंत जातो, पुण्यात एकोणीस, दिल्लीत नऊही धड नाही, श्रीनगरला तीनेक अंशांवर कसाबसा डोकावतो. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेला आणि परत न आलेला ऋषी ही कथा कुणी रचली असेल, त्या माणसानं प्रवासात हा तारा वर चढताना पाहिला असणार असं मला मनापासून वाटतं.

मग प्रश्न उरला, माझ्या गावचा अगस्त्योदय कुठला? पंचांगात अगस्ती-दर्शनाची नोंद असते, पण ती पंचांग ज्या स्थळासाठी केलं त्या स्थळाची. मला आमच्या माळावरची हवी होती, आणि कागदावरची नको, डोळ्यांनी पाहिलेली.

पहिला प्रयत्न केला २०२२ मध्ये, पुण्यात, आमच्या इमारतीच्या गच्चीवरून. आता मागं वळून बघताना त्यातल्या चुका लख्ख दिसतात. ऑगस्टच्या मध्यापासून रोज पहाटे पाचला मी गच्चीवर जायचे. आभाळ बहुतेक दिवस भरलेलंच. ज्या दोन-चार दिवशी उघडीप मिळाली त्या दिवशीही काही दिसलं नाही, आणि त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा उमगलं. आग्नेयेला समोरच्या संकुलाच्या इमारती आहेत. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची होते. त्या इमारती पूर्ण एक मूठ उंच भरत होत्या. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अगस्ती दहा अंश वर येईपर्यंत सहा वाजून जातात, तोवर लख्ख उजाडलेलं असतं. म्हणजे त्या गच्चीवरून तो मला दिसणं शक्यच नव्हतं. अखेर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, ढगांच्या फटीतून, दोन इमारतींच्या मधे तो दिसला. छान चकचकीत, पांढरा. पण तो आभाळात येऊन महिना होत आला होता.

त्या वर्षीच्या नाताळात माहेरी गेले आणि तिथं या कामाला खरी दिशा मिळाली. ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनात पूर्वी ऐकलेली एक साधी गोष्ट तेव्हा उपयोगी पडली. सूर्य वर्षभरात उगवायची जागा बदलतो, उत्तरेकडं-दक्षिणेकडं सरकतो. तारा तसं करत नाही. एका ठिकाणाहून बघितलं तर तो वर्षभर क्षितिजाच्या त्याच बिंदूवर उगवतो, बदलते ती फक्त वेळ. म्हणजे ऑगस्टच्या पहाटे अगस्ती कुठून वर येणार हे डिसेंबरच्या रात्रीच पाहून ठेवता येतं, तेही निवांत, कोरड्या हवेत आणि पूर्ण अंधारात.

२५ डिसेंबरला रात्री आठपासून मी घराच्या स्लॅबवर बसले. अमावास्या दोन दिवसांपूर्वीच झालेली, चंद्राची कोर लवकर मावळली होती. आमची वस्ती माळावर आहे. आग्नेयेला बारामतीच्या दिव्यांचा पिवळसर उजेड, दक्षिणेला त्याहून फिका फलटणचा, आणि या दोन्हींच्या मधे काळोखाची एक पट्टी. गावाची पाण्याची टाकी वस्तीपासून किलोमीटरभर दूर आहे, ती बरोबर त्या पट्टीत उभी. आधी मृग चढला, पाठोपाठ व्याध. आणि साडेआठनंतर चार-पाच मिनिटांत टाकीच्या उजव्या हाताला, टाकीच्या रुंदीएवढं अंतर सोडून, एक तांबूस ठिणगी दिसली. ऊसतोडीचे दिवस, कारखान्याचा धूर खाली साचलेला, त्यामुळे पहिली काही मिनिटं ती विझते की काय असं वाटत होतं. नवाच्या सुमारास ती पिवळी, मग पांढरी झाली आणि अगस्ती अगस्तीसारखा दिसायला लागला.

होकायंत्रानं दिशा घेतली. उत्तरेपासून १४७ अंश, म्हणजे दक्षिणेच्या डावीकडं तेहतीस अंश. आपल्याकडं होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक इतका थोडा आहे की या कामासाठी तो धरायची गरज नाही. शिवाय मुठींनी मोजून ठेवलं: अगस्ती क्षितिजावर येतो तेव्हा व्याध त्याच्या डावीकडं साडेतीन मुठी आणि वर सव्वा मूठ असतो. वहीत टाकीचं चित्र काढलं, उजवीकडं एक ठिपका दिला. पुढं आठ महिने ते पान माझ्या पर्समध्ये होतं.

आता वेळ. मोबाईलमधल्या स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या ॲपमध्ये गावाचे अक्षांश-रेखांश घालून बघितलं, तर २१ ऑगस्टला अगस्ती पावणेपाचच्या थोडा आधी उगवतो, सूर्य सहा वाजून अठरा मिनिटांनी. दीड तासाहून जास्त अंतर! सुरुवातीला वाटलं, मग त्याच्या दहा दिवस आधीही सहज दिसायला हवा. पण तसं नसतं, आणि या सगळ्या खटाटोपातला मला सगळ्यांत सुंदर वाटलेला भाग हाच आहे.

डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत हवेच्या एका जाडीतून येतो असं धरलं, तर पाच-सहा अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश तशा नऊ-दहा जाड्यांमधून येतो. तीन अंशांवर पंधरा. पावसाळ्यातली दमट हवा त्यातला मोठा वाटा गिळून टाकते. म्हणून आभाळातला दुसऱ्या क्रमांकाचा तारा क्षितिजापाशी एखाद्या किरकोळ चांदणीएवढा मंद होतो. त्यात अगस्ती आपल्याकडं तिरका चढतो, तासाला आठच अंश. तेवढ्यात पहाट उजळत असते. अंधार पुरेसा असतो तेव्हा तारा फार खाली आणि मंद असतो, तारा पुरेसा वर येतो तेव्हा उजेड झालेला असतो. या दोन्हींच्या मधे कुठंतरी दहा-पंधरा मिनिटांची एक खिडकी उघडते. काही दिवस ती उघडतच नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा उघडते तो अगस्त्योदय. कुठलंही ॲप ती तारीख छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ती तुमच्या गावच्या हवेवर आणि तुमच्या डोळ्यांवर ठरते.

२०२३ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. अधिक श्रावण संपून १७ तारखेला निज श्रावण लागला आणि २१ ला नागपंचमी होती. नागपंचमीला माहेरी जायचंच होतं, मी १९ लाच निघाले. अमावास्या १६ ला झालेली, म्हणजे पहाटे चंद्र नाही. आणि सुपं हा पर्जन्यछायेचा भाग. कोकणात किंवा घाटमाथ्यावर ऑगस्टच्या पहाटे क्षितिजाजवळचा तारा शोधणं म्हणजे नशिबाची परीक्षा, पण सह्याद्रीच्या पूर्वेला ढग बरेच विरळ होतात. आदल्या वर्षी हे लक्षात घ्यायला हवं होतं.

घरी पोचले तर बोलण्यात विहिरीशिवाय दुसरा विषय नव्हता. विहीर तळाला गेलेली. वस्तीवर टँकर येत होता. भावानं पेरलेली बाजरी गुडघ्याएवढी होऊन माना टाकत होती. रात्री जेवताना मी आईला सांगितलं की पहाटे उठून अगस्ती बघणार आहे, आजी बघायची तसा. आई म्हणाली, "अगस्तीनं समुद्र पिऊन टाकला म्हणत्यात. यंदा आपली हीर बी त्यानंच पिलेली दिसतीय."

मला यावर काही बोलता आलं नाही. आजीची म्हण प्रवरेकाठची. तिथं भंडारदऱ्याच्या डोंगरातून आलेलं पाणी जून-जुलैतच नदीत मावत नाही, आणि ते निवळायचा प्रश्न ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. आमच्या माळावर पावसाचा मोठा महिना सप्टेंबर. म्हणजे अगस्ती दिसतो तेव्हा आमचं पाणी अजून यायचं असतं. आजीला आयुष्यभर हा फरक जाणवला असेल का, हे तिला विचारायचं राहून गेलं.

२० तारखेला पहाटे पावणेपाचला स्लॅबवर गेले. गुरू जवळजवळ डोक्यावर, त्याच्या पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, मृग पूर्वेला चढलेला, व्याध चार वाजण्याआधीच उगवून झगमगत होता. वरचं आभाळ धुतल्यासारखं. पण क्षितिजावर, टाकीच्या मागं, ढगांची एक सपाट पट्टी होती, वहीत पट्टीनं आखल्यासारखी. ती हललीच नाही. पावणेसहाला खाली आले.

२१ ला, नागपंचमीच्या पहाटे, पट्टी नव्हती. मी आधी डोळे अंधाराला सरावू दिले, मोबाईल खालीच ठेवला. व्याधापासून मुठी मोजत उजवीकडं आणि खाली आले. मृगाच्या पायाशी शशक, त्याच्या खाली कपोताचे मंद तारे, तिथपर्यंत सगळं ओळखता आलं. आणि पाच वाजून दहा मिनिटांनी टाकीच्या उजवीकडं एक तांबूस, थरथरता ठिपका दिसला. छातीत धडधडायला लागलं. आईला हाकच मारणार होते, पण आधी पाच मिनिटं थांबून बघायचं ठरवलं. अगस्ती त्या जागी दहा मिनिटांत सव्वा अंश वर चढतो, आणि थोडा उजवीकडं सरकतो. हात लांब केला तर करंगळीची रुंदी एक अंश भरते. म्हणजे दहा मिनिटांत करंगळीएवढी तरी उडी दिसायला हवी. हा ठिपका जागचा हलला नाही. कुठल्यातरी दूरच्या मोबाईल टॉवरचा दिवा होता तो. थरथरायचं कारणही तेच, जी जाड हवा ताऱ्याला हलवते तीच दिव्यालाही हलवते. पहिल्यांदाच शोधायला बसणाऱ्याला मी हे आवर्जून सांगेन: क्षितिजाजवळ काहीही सापडलं की लगेच आनंदून जाऊ नका, त्याला उगवू द्या. दिवा उगवत नाही.

त्या दिवशी खरा अगस्ती दिसला नाही. खाली धुरकट होतं.

२२ ला दुर्बीण घेतली, दहा बाय पन्नासची. कठड्यावर उशी ठेवून तीवर टेकवली, कारण हातात धरली की ठोक्याठोक्याला हलते. टाकीचा कडा दुर्बिणीच्या डाव्या टोकाला ठेवला आणि तिथून हळूहळू वर जात राहिले. पाच वाजून वीस मिनिटांनी तो आला. दुर्बिणीतून बघताना त्याचा रंग क्षणाक्षणाला बदलत होता, लाल, हिरवा, पुन्हा लाल, हवेचा प्रत्येक थर त्याला वेगळा मोडत होता. दहा मिनिटांनी बघितलं, वर सरकलेला. पुन्हा दहा मिनिटांनी, अजून वर. अगस्तीच. दुर्बीण बाजूला करून साध्या डोळ्यांनी त्याच जागी बघितलं तर नुसतं राखाडी आभाळ. खूप प्रयत्न केला. नजर थोडी बाजूला धरून कडेनं बघायचं तंत्रही वापरून पाहिलं. नाही. आजीकडं दुर्बीण नव्हती, वराहमिहिराकडं नव्हती, त्यामुळे ही पहाट मी अगस्त्योदय म्हणून धरली नाही. पण आता तो तिथं आहे हे माहीत होतं, आणि उद्या तो त्याच उजेडात चार मिनिटांनी जुना झालेला, अर्ध्या अंशानं वर असणार होता.

२३ ऑगस्ट, बुधवार. आईला त्या दिवशी मी उठवलं नाही, तीच उठून आली. "बघू दे तरी काय हाय ते." शाल गुंडाळून माझ्या शेजारी बसली. तिला मृग माहीत आहे, तिकांडं म्हणते ती त्याच्या मधल्या तीन ताऱ्यांना. तिकांड्यावरून तिला व्याध दाखवला. मग तिचा हात धरून मुठी मोजल्या, एक, दोन, तीन उजवीकडं, मग पावणेदोन खाली. वाऱ्याची झुळूक होती, हवा आदल्या दिवसापेक्षा बरी होती. पाच-वीस झाले. मी दुर्बिणीत अगस्ती धरून ठेवला होता आणि मधूनमधून डोळे बाहेर काढून बघत होते.

"ते काय, टाकीच्या उजव्या हाताला? लुकलुकतंय ते?"

आईच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीय. तिला माझ्या आधी दिसला. मी तिच्या बोटाच्या रेषेत बघितलं. राखाडी आभाळात, क्षितिजापासून तीन बोटं वर, एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. दिसला, गेला, पुन्हा दिसला. एकदा नजरेनं धरल्यावर मात्र सुटला नाही. पाच-पस्तीसपर्यंत तो साध्या डोळ्यांना दिसत होता, त्या काळात करंगळीहून जास्त वर चढला. मग पूर्वेकडं शुक्र अगदी खाली उजळला, नुकताच सूर्यासमोरून पहाटेच्या बाजूला आलेला, आणि इकडं अगस्ती उजेडात मिसळून गेला. दुर्बिणीत मी त्याला आणखी दहा मिनिटं धरून ठेवलं.

आई मधेच उठून खाली गेली होती. परत आली ती तांब्या घेऊन. अंगणात जाऊन तिनं टाकीच्या दिशेला तोंड केलं, ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि हात जोडून ते तुळशीच्या बुंध्याशी सोडलं, एकही थेंब वाया जाणार नाही असं. पाणी टँकरचं होतं.

मला आजी आठवली आणि बराच वेळ स्लॅबवरून खाली उतरवेना.

अगस्ती आपल्यापासून सुमारे ३१० प्रकाशवर्षं दूर आहे. त्या पहाटे आम्ही जो उजेड पाहिला तो १७१३ च्या आसपास निघालेला, म्हणजे बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली त्या काळातला. आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं. वस्तीवरची सगळी पोरं आमच्या टीव्हीपुढं जमली होती. त्यांना मी सांगितलं की अंतराळयानांना रिकाम्या अवकाशात आपलं तोंड कुठं आहे हे कळायला खुणा लागतात, आणि अगस्ती हा त्यातला एक मानाचा तारा. १९६४ मध्ये मंगळाकडं निघालेल्या मरिनर-४ वर खास अगस्तीवर नजर ठेवणारं उपकरण होतं. सूर्य ही एक खूण आणि त्याच्या वाटेपासून खूप दूर असलेला हा तेजस्वी तारा ही दुसरी. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातली तीन पोरं स्लॅबवर हजर होती. तिघांनाही दिसला, एकाला तर माझ्या घड्याळात पाच-अठरा झालेले असताना.

२५ ला मी पुण्याला परत आले. टाकीच्या चित्राचं पान आईकडं राहिलं. तिनं ते दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवलंय.

पाऊस लांबतच गेला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, गणपती अजून बसलेले होते, आईचा सकाळी फोन आला. रात्री दोन तास पाऊस झाला होता.

"हिरीत परसभर पाणी चढलंय. लई गढूळ हाय."

"आणि अगस्ती?"

"ढग हुते गं. पण असंल की तिथंच. आता टाकीच्या लई उजवीकडं गेला असंल, न्हाई का? चांगला वर."